चालायला सुरुवात करताय? आधी वेळ, मग वेग, अंतर सगळ्यात शेवटी

दिवाळीनंतर आणि एक जानेवारीला मैदानं फुलतात आणि महिन्याभरात ओसरतात. चालणं सोडलेल्यांना कारण विचारा, उत्तरं ठरलेली असतात: टाच धरली, गुडघा बोलायला लागला, वजन काही हललं नाही, सकाळी जमेना. या चारही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा चुकलेला क्रम असतो. माणसं पहिल्याच आठवड्यात अंतर वाढवतात, वेग कधीच वाढवत नाहीत आणि बूट पाय दुखल्यावर घेतात. चालण्याने रक्तदाब, साखर, झोप, मूड सगळं सुधारतं हे सांगत बसत नाही. तो फायदा पदरात पडेपर्यंत चालणं टिकावं कसं, एवढंच इथे आहे.

आधी आकडा ठरवून घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोमाचा व्यायाम करावा. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. १०,००० पावलांचा धोशा मात्र सोडा. तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आलाय. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणात, अकाली मृत्यूचा धोका साठीपुढच्यांमध्ये ६,००० ते ८,००० पावलांपर्यंत घटत गेला आणि तिथे स्थिरावला. साठीच्या आतल्यांमध्ये हीच पातळी ८,००० ते १०,००० होती. फोनवर आकडा पुरा करायला रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालायची गरज नाही.

## १. पहिल्या पावलाआधी: डॉक्टरांना कुणी विचारायचं

तिशी-चाळिशीतल्या, काहीच त्रास नसलेल्या माणसाने दहा मिनिटं चालायला कुणाची परवानगी लागत नाही. पण पुढच्यांपैकी काही लागू असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांना भेटा:

- हृदयविकार, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा पक्षाघात झालेला आहे.
- जिना चढताना छातीत दाब येतो किंवा पूर्वीपेक्षा लवकर धाप लागते.
- रक्तदाब १८०/११० च्या आसपास किंवा वर आहे. तो आधी आटोक्यात आणायचा, मग चालायचं.
- इन्सुलिन चालू आहे किंवा साखरेसाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या आहेत.
- चालताना पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की दोन मिनिटांत जातो. हे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं, विशेषतः विडी, सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये.

मधुमेह्यांनी आणखी एक विचारायचं: पायाची संवेदना शाबूत आहे का? डॉक्टर नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून दोन मिनिटांत ते तपासतात. रुग्ण मागत नाही, म्हणून ही तपासणी बऱ्याचदा राहून जाते.

सावध: रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी असेल (मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल वगैरे), तर नाडी हवी तशी वाढत नाही. अशांनी घड्याळातल्या ठोक्यांवरून स्वतःला पळवू नये. जोम कसा ओळखायचा ते सहाव्या पायरीत आहे.

## २. बूट: दुखायच्या आधी घ्यायची वस्तू

मैदानावर कट्ट्यावर बसून चालणाऱ्यांच्या फक्त पायांकडे बघा. घरातल्या स्लिपर, झिजलेल्या सँडल, मुलाने अमेरिकेहून आणलेले अर्ध्या नंबरने मोठे बूट, आणि ‘चामडं चांगलंय’ म्हणून ऑफिसचे जुने बूट. चप्पल पायात धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात. दहा मिनिटं खपून जातं, अर्ध्या तासाने तळवा आणि नडगी कुरकुरतात.

दुकानात जायचं ते संध्याकाळी. दिवसभरात पाय किंचित सुजतो, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. ज्या मोज्यांत चालणार तेच मोजे घालून जा. दोन्ही पायांत घाला, मोठ्या पायाचा नंबर धरा. उभं राहून बघा: सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सुटली पाहिजे. मग बूट हातात घेऊन तीन गोष्टी करा. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबा, तो सहज आत जाता कामा नये. बूट वाकवा, तो बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मधोमध घडी पडली तर ठेवून द्या. शेवटी ओला फडका पिळतो तसा पिळून बघा, पूर्ण वळला तर आधार कमी आहे.

किमतीचं फार मनावर घेऊ नका. महागड्या धावण्याच्या बुटांची चालणाऱ्याला गरज नसते. मऊ-मऊ गादीसारखा तळ दुकानात छान वाटतो, पण साठीपुढे तोल सांभाळायला थोडा घट्ट तळच बरा. मोजे सुती किंवा मिश्र, शिवण बोटांवर टोचणार नाही असे.

जुना बूट फेकण्याआधी उलटा करून टेबलावर ठेवा. टाचेची बाहेरची कड थोडी जास्त झिजणं नेहमीचं आहे. आतली कड बसली असेल आणि बूट आतल्या बाजूला कलंडत असेल, तर पाय सपाट पडत असावा. तो जोड फिजिओथेरपिस्टला नेऊन दाखवा. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर तळाचा दम संपतो, वरून बूट नवा दिसला तरी.

मधुमेह असेल तर: उद्यानातल्या गोट्यांच्या ॲक्युप्रेशर पट्ट्यावर आणि ‘डोळ्यांना चांगलं’ म्हणून दवावर अनवाणी चालू नका. संवेदना कमी असलेल्या पायाला काटा, काच, चटका काही कळत नाही, जखम दिसते तेव्हा ती चिघळलेली असते. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा, वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा घरातल्या कुणाला बघायला सांगा. कुरूप ब्लेडने कापू नका. औषधी कॉर्नपट्टीही लावू नका, तिच्यातल्या आम्लाने भोवतीची चांगली त्वचा भाजते.

## ३. वाट आणि वेळ

आदल्या दिवशी फक्त वाट बघून या. जाऊन-येऊन वीस मिनिटांत होईल, उजेड असेल आणि मध्ये शक्य तितके कमी रस्ते ओलांडावे लागतील अशी. शिवाजी पार्क, रंकाळा, अंबाझरी, मिरामार, तळजाई जवळ असेल तर उत्तमच. पण गाडी काढून जावं लागेल अशी जागा पहिल्या महिन्यात नको. पार्किंग मिळालं नाही हे चालणं बुडवायला अगदी पुरेसं कारण असतं. सोसायटीच्या आवारातल्या फेऱ्या कंटाळवाण्या असतात, पण त्या होतात.

पदपथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चाला. अंधारात फिकट रंगाचे कपडे घाला. कानात काही घालायचंच असेल तर एकाच कानात.

वेळेबद्दल एक गैरसमज पक्का आहे: जितकं पहाटे, तितकं शुद्ध. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मोठ्या शहरांत हे बऱ्याचदा उलट असतं. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही, धूर आणि धूळ खालीच अडकते. त्यात झाडलोट करून पेटवलेला पालापाचोळा आणि शेकोट्या. ऊन वर येऊन हवा हलू लागली की ती जरा निवळते. म्हणून हिवाळ्यात साडेपाचऐवजी आठला निघालात तर बिघडत नाही, दमेकऱ्यांनी तर तसंच करावं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेचा निर्देशांक दिसतो. २०० च्या वर असेल त्या दिवशी घरातच चाला.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात गणित फिरतं. तिथे सकाळी सातच्या आत परतायचं. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबर तापलेलं असतं, त्यामुळे साडेसात-आठच्या आधी बाहेर पडू नका.

भटकी कुत्री: पळू नका, डोळ्यांत बघू नका, थांबून हळू बाजूला व्हा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठा. हळद-चुना लावू नका.

तपासणी: बूट झाले, वाट ठरली, वेळ ठरली, डॉक्टरांना विचारायचं होतं ते विचारलं. यातलं एक जरी बाकी असेल तर सोमवारचा मुहूर्त पुढच्या सोमवारी गेला तरी चालेल.

## ४. पहिले दोन आठवडे: दहा मिनिटं, त्यापुढे एकही नाही

हीच पायरी सगळे मोडतात. दहा मिनिटांत काय होणार, असं वाटतं. पहिल्या दिवशी अंगात उत्साह असतो, हवा छान असते, माणूस चार किलोमीटर चालून येतो. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या भरतात, पाचव्या दिवशी ‘आज राहू दे’, आणि आठव्या दिवशी बूट परत कपाटात. हृदय आणि फुप्फुसं नव्या श्रमाला पटकन सरावतात. टाचेखालचा पडदा, स्नायुबंध, सांध्यांभोवतीच्या ऊती यांना त्याहून कितीतरी जास्त आठवडे लागतात. दम लागत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि पाय मागे पडतात.

आषाढात हौसेने एका दिवसाची वारी करणाऱ्यांचंही असंच होतं. वर्षभर गाडीतून उतरायचं नाही आणि थेट पुणे ते सासवड तीसेक किलोमीटर, त्यात दिवे घाटाचा चढ. पुढचा आठवडा पाय शेकण्यात जातो. बरोबर चालणारे गावाकडचे वारकरी रोज शेतात चालत असतात, हे लक्षात येत नाही.

तर दोन आठवडे असं करा:

1. ठरलेल्या वेळेला बूट घाला.
2. पाच मिनिटं एका दिशेने चाला, वळा, परत या. घड्याळ लावा, अंतर मोजू नका.
3. आठवड्यातून सहा दिवस. सातवा दिवस सुट्टी, पण ती आधी ठरवलेली हवी.
4. भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारा. ॲप नसलं तरी अडत नाही.

फुलं तोडत, दुधाची पिशवी घेत, वाटेत पेपर चाळत चालणं यात धरू नका. परसदारांतून जास्वंदी गोळा करणारी मंडळी अर्धा तास बाहेर असतात, पण सलग दोन मिनिटंही चालत नाहीत. (ज्यांची जास्वंद असते त्यांचं मत वेगळंच.)

तपासणी: बारापैकी दहा फुल्या झाल्या? मग पुढची पायरी. आठच झाल्या तर मिनिटं तीच ठेवा, वेळ बदलून बघा. सकाळी डबे करून निघणाऱ्या बाईला पहाटेचा हट्ट झेपत नाही, तिला ऑफिस सुटल्यावर एक स्टॉप आधी उतरणं जमतं.

## ५. तिसरा ते सहावा आठवडा: मिनिटं वाढवा

तिसऱ्या आठवड्यात १५ मिनिटं, चौथ्यात २०, पाचव्यात २५, सहाव्यात ३०. आठवड्याला पाचच मिनिटं वाढवायची. सुरुवातीची आणि शेवटची चार-पाच मिनिटं रमतगमत, मधली जरा नेटाने. निघण्याआधी अर्धा-एक पेला पाणी प्या. चहा घेतला तरी चालतो.

एका दमात अर्धा तास जमत नसेल तर सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं करा. पूर्वी सलग दहा मिनिटांची अट सांगितली जायची. २०२० च्या सूचनांमध्ये ती काढून टाकली आहे, तुकड्या-तुकड्याने चाललेलंही मोजतात.

चालण्याची ढब या चार आठवड्यांतच बसवून घ्या, नंतर सुटत नाही. पाठीमागे हात बांधून चालणं आपल्याकडच्या आजोबांची खास शैली. दिसायला रुबाबदार, पण पाय हळू पडतात आणि ठेच लागली तर हात पुढे यायला वेळ लागतो. हात कोपरात वाकवून मोकळे हलू द्या. नजर चार-पाच मीटर पुढे. पाऊल टाचेवर टेकून बोटांवरून सुटू द्या. घाई झाली की माणूस ढांगा लांब टाकतो, त्याचा दणका गुडघ्याला आणि नडगीला बसतो. पावलं छोटी ठेवा, पटापट टाका. घोट्याला वजनं बांधू नका.

मधुमेह्यांसाठी सावध: इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर बघा. ९० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन निघा. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजच्या गोळ्या हव्यातच. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबा, तीन चहाचे चमचे साखर खा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. चतुर्थी, एकादशीला उपवास, रोजचा डोस तसाच आणि वर रोजचं चालणं हे एकत्र करू नका. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना हा धोका फार कमी असतो.

## ६. सातव्या आठवड्यापासून: वेग

फायद्याचा मोठा भाग इथे आहे आणि बहुतेकांचं गाडं याच्या आधीच थांबतं. वर्षानुवर्षं रोज तासभर मैदानावर जाणारे, पण राजकारणावर गप्पा मारत रमतगमत फिरणारे गट सगळ्यांनी पाहिलेत. त्याने मन रमतं, मैत्र टिकतं, तेही हवंच. हृदयाला मात्र ती जवळजवळ विश्रांतीच.

जोम तपासायला यंत्र लागत नाही. चालता चालता बाराचा पाढा मोठ्याने म्हणा. ‘बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस’ इतकं झाल्यावर श्वास घ्यावा लागला तर वेग बरोबर आहे. सगळा पाढा चालीत, सहज म्हणता आला तर हळू चालताय. ‘बारा दुणे’पाशीच अडकलात तर कमी करा. पाढे विसरले असतील तर दुसरी खूण: बोलता यावं, गाता येऊ नये.

तिसरी खूण पावलांची. १५ सेकंदांत पावलं मोजा. २५ झाली म्हणजे मिनिटाला १००, मध्यम जोम साधारण इथे सुरू होतो. ३० झाली तर झपझप. शाळेच्या मैदानावर ४०० मीटरचा ट्रॅक असेल तर आतल्या कडेने एक फेरी पाच मिनिटांत झाली म्हणजे ताशी ४.८ किलोमीटर. सुदृढ माणसाला ही बऱ्यापैकी चाल झाली.

वेग वाढवायचा तो सलग नाही, आलटून-पालटून. जपानमधल्या शिन्शू विद्यापीठाच्या संशोधकांनी मध्यमवयीन आणि वृद्धांवर तपासलेली पद्धत सोपी आहे: तीन मिनिटं झपझप, तीन मिनिटं निवांत, अशा पाच फेऱ्या, आठवड्यातून चार किंवा जास्त दिवस. नुसतं मध्यम गतीने चालणाऱ्यांपेक्षा या लोकांच्या मांड्यांची ताकद जास्त वाढली आणि रक्तदाबही जास्त उतरला. पहिल्या आठवड्यात एक मिनिट झपझप, तीन निवांत इथून सुरू करा आणि हळूहळू तीनवर या.

नवरा-बायको एकत्र निघतात तेव्हा नेहमीचा संवाद: ‘अहो, जरा हळू,’ आणि ‘अगं, चल की भरभर.’ दोघांपैकी एकाचा व्यायाम रोज बुडतो. गोल मैदान असेल तर विरुद्ध दिशांनी चाला, प्रत्येक फेरीत दोनदा भेट होते. परतीची शेवटची दहा मिनिटं बरोबर.

सावध: छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात दुखणं, थंड घाम, अचानक धाप यातलं काहीही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणून फेरी पूर्ण करू नका. बसा, १०८ ला फोन करा. मधुमेह्यांना छातीत न दुखताही झटका येऊ शकतो, नुसता घाम आणि गळून गेल्यासारखं वाटणंही पुरे.

## ७. जेवणानंतरची दहा मिनिटं

साखरेची काळजी असलेल्यांनी ही पायरी सहाव्या पायरीच्या बरोबरीनेच घ्यावी. न्यूझीलंडमध्ये टाइप २ मधुमेह्यांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसातून कधीतरी एकदा ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चालणाऱ्यांची जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली. सगळ्यात मोठा फरक रात्रीच्या जेवणानंतर पडला. कारण सरळ आहे: चालणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनच्या फारशा मदतीशिवाय ओढून घेतो, आणि रात्री जेवून आपण सोफ्यावर बसतो.

जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत निघा. घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटं, मध्यम चालीने. टीव्हीसमोर शंभर पावलं टाकली तर जेमतेम मिनिट होतं. साडेनऊला जेवत असाल तर जिन्याखाली, पार्किंगमध्ये, गच्चीवर चाला. दुपारी ऑफिसात डबा खाल्ल्यावर मजल्याच्या व्हरांड्यातही होतं.

हृदयविकारामुळे छातीत दुखणाऱ्यांनी भरल्या पोटी लगेच चालू नये. तासभर थांबावं आणि डॉक्टरांना विचारून ठरवावं.

## ८. चालण्याने जे होत नाही ते

चालून मांडीचे स्नायू आणि तोल काही प्रमाणातच सुधारतात. गुडघा सांभाळायला मांडी भक्कम लागते. आठवड्यातून दोन दिवस, ओट्याला हात टेकवून: खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठा-बसा, चवड्यांवर दहा वेळा उभं राहा, मग एका पायावर जमेल तितका वेळ. असं दोनदा. पासष्टीपुढे तोलाचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस.

टेकडी आणि पायऱ्या तीन महिन्यांनंतर. चढताना दम लागतो म्हणून लोक चढाला घाबरतात, पण गुडघे दुखतात ते उतरताना. उतरताना पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, गरज पडली तर काठी.

वजनाचं गणितही आधीच मांडून घ्या. साठ किलोच्या माणसाचे अर्ध्या तासात शंभर-सव्वाशे उष्मांक खर्च होतात. मैदानाबाहेरच्या गाडीवर एक वडापाव आणि कटिंग घेतलं की त्याच्या दुपटीहून जास्त परत येतं. वजन ताटातून उतरतं. गुडघेदुखी असलेल्यांनी तेवढ्यासाठी तरी ताटाकडे बघावं, एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

उद्यानाच्या फाटकावर मिळणाऱ्या रसांविषयीही एक गोष्ट. दुधीचा रस कडू लागला तर पहिल्याच घोटाला थुंकून टाका. कडू दुधीतल्या विषारी द्रव्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. कारल्यात मिसळलेल्या रसात तो कडवटपणा ओळखता येत नाही, म्हणून मिश्र रस घेऊच नका.

## ९. दुखलं तर

नियम एकच: दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत जात असेल तर चालू ठेवा. त्याहून जास्त असेल तर मिनिटं निम्मी करा.

टाच: सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना कळ, मग बरं. टाचेखालचा पडदा ताणलाय. पलंगावरच बोटं हाताने मागे ओढून अर्धा मिनिट धरा, तीनदा, मग पाय खाली टेका. घरातही चप्पल घाला, फरशीवर अनवाणी नको. कमी व्हायला आठवडे लागतात.

नडगी: वेग किंवा मिनिटं एकदम वाढवल्याची खूण. आठवडाभर मागच्या पायरीवर या. हाडावर एकाच बिंदूला दाबून दुखत असेल तर एक्स-रेची वेळ आहे.

गुडघा: सूज नसेल तर चालणं बंद करू नका, सपाट आणि मऊ जमिनीवर या, आठवी पायरी सुरू करा. सूज, अडकणं किंवा पाय अचानक सोडणं असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ.

एका पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं असेल तर चोळू नका, चालू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. शिरेत गुठळी असू शकते.

## १०. खंड पडला तर

पडणारच. लग्नसराई, परीक्षा, सर्दी, जुलैचा पाऊस. आठवड्यापर्यंतचा खंड असेल तर जिथे सोडलं तिथून सुरू करा. दोन-तीन आठवडे गेले तर दोन टप्पे मागे. महिन्याहून जास्त गेला तर दहा मिनिटांपासून, पण यावेळी दोन दिवसांना पाच मिनिटं वाढवली तरी पेलतात. ताप असताना आणि उतरल्यावर दोन दिवस चालू नका. डेंगी, चिकनगुनियानंतर सांधे धरलेले असतात, तिथे घाई करू नका.

पावसाळ्यात पडझडीचं मुख्य कारण शेवाळं. पेव्हर ब्लॉक, उद्यानातल्या पायऱ्या, गच्ची, तिन्ही निसरडी होतात. त्या दिवसांत पार्किंग किंवा इमारतीचा बोळ बरा. बूट भिजले तर आतली पट्टी काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. ओला बूट दुसऱ्या दिवशी पायात घातला तर बोटांच्या बेचकीत चिखल्या होतात.

## ११. तीन महिन्यांनी काय मोजायचं

सुरुवातीच्या दिवशी आणि नव्वदाव्या दिवशी हे चार आकडे एकाच वहीत लिहा:

- रक्तदाब: पाच मिनिटं शांत बसून, चहाच्या आधी, सलग तीन दिवस. उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा नियमित चालण्याने साधारण ५ ते ८ ने उतरतो.
- एचबीए१सी: तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते, त्यामुळे महिन्याभरात करून उपयोग नाही.
- कंबर: बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. वजन जागचं न हलता कंबर कमी झालेली बऱ्याचदा दिसते.
- नाडी: सकाळी उठल्यावर पलंगावरच, मिनिटभर मोजून.

आकडे सुधारले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद किंवा अर्ध्या करू नका. उलट उठताना चक्कर येऊ लागली, वरचा रक्तदाब सतत शंभरच्या आसपास राहू लागला किंवा चालून आल्यावर साखर वारंवार ७० च्या खाली जाऊ लागली, तर तीन महिन्यांच्या तपासणीची वाट बघू नका. वही घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. डोस कमी करायचा की गोळीची वेळ बदलायची, हे त्यांना त्या नोंदींवरून ठरवता येतं.